पाठीवर काळ्या रंगात सही असलेलं मॉरिसोचं चित्र खरं समजायचं का?

तुमचा प्रश्न थोडक्यात असा : कॅनडात हॅमिल्टनला राहणाऱ्या मावसभावाला नॉर्वल मॉरिसो या आदिवासी चित्रकाराचं चित्र बऱ्यापैकी स्वस्तात मिळतंय. पाठीवर काळ्या रंगानं इंग्रजीत सही, चित्राचं नाव आणि १९७०च्या दशकातलं साल आहे. विकणारा प्रमाणपत्रही देतोय. घ्यावं का? आणि आपल्या वारलीला जसं भौगोलिक मानांकन आहे, तशी काही सोय तिकडे नाही का?

आत्ता तरी एक डॉलरही देऊ नका म्हणावं, आणि तेही त्या काळ्या सहीमुळेच.

मी तिकडच्या ओंटॅरिओ प्रांतात चित्रं फ्रेम करण्याच्या धंद्यात आहे. गिऱ्हाईक चित्राचं तोंड बघतं, आम्हाला पाठ बघावी लागते. मॉरिसो पुढच्या बाजूला सही करायचे ती क्री या आदिवासी भाषेच्या लिपीत, ‘कॉपर थंडरबर्ड’ या नावानं. हे नाव त्यांना तरुणपणी मोठ्या आजारात मिळालेलं, आणि लिपी बायकोकडून शिकलेली. वादात सापडलेल्या चित्रांवर पुढे ही सही असतेच, पण पाठीवर कोरडा ब्रश काळ्या रंगात बुडवून ठळक इंग्रजी अक्षरांत नाव, शीर्षक, साल असा सगळा मजकूरही असतो. जणू पुढे कोणी शंका घेणार हे चित्रकाराला तेव्हाच माहीत होतं! वर्षानुवर्षं विक्रेते हीच पाठ दाखवून ‘बघा, स्वतःच्या हातानं लिहिलंय’ म्हणत आले.

मॉरिसो अनिशिनाबे, म्हणजे ओजिब्वे समाजाचे. आजोबा भगत होते, त्यांच्याकडून गोष्टी ऐकत वाढले. या गोष्टी बाहेरच्यांना दाखवायच्या नाहीत असा समाजात दंडक होता. यांनी त्या रंगवल्या आणि घरच्यांचा रोष ओढवून घेतला. १९६२ साली टोरंटोत पहिलं प्रदर्शन झालं, सगळी चित्रं खपली. जाड काळी रेघ, भडक सपाट रंग, आणि प्राण्याच्या पोटातलं सगळं बाहेरून दिसतंय : मणका, काळीज, पोटातलं पिल्लू. ही शैली इतकी ठसठशीत आहे की वरवरची नक्कल कोणालाही जमेल असं वाटतं. २००६ मध्ये ओटावाच्या राष्ट्रीय कलादालनानं त्यांचं मोठं प्रदर्शन भरवलं. तिथे एकट्याचं प्रदर्शन झालेले ते पहिले आदिवासी चित्रकार. पुढच्याच वर्षी ते गेले.

पण मधली वर्षं वाईट होती. दारू, रस्त्यावरचं जगणं, बाटलीच्या बदल्यात दिलेली चित्रं. कुठलं चित्र कोणाला दिलं याची वही कोण ठेवणार? त्यामुळे ‘हे मला एका ओळखीच्यानं दिलं, त्याला मॉरिसोनं दिलं होतं’ ही कहाणी कोणत्याही चित्राला चिकटवता येते. भामट्यांनी हीच फट धरली.

पोलिसांच्या म्हणण्याप्रमाणे एकमेकांशी धागे जुळलेल्या तीन टोळ्या होत्या, पहिली १९९६ पासून थंडर बे शहरातली. मार्च २०२३ मध्ये आठ जणांवर आरोप ठेवले गेले आणि हजाराहून जास्त चित्रं जप्त झाली. त्यांतल्या डेव्हिड वॉस यानं गुन्हा कबूल केला, त्याला २०२४ मध्ये पाच वर्षांची शिक्षा झाली. गॅरी लॅमाँट याला त्याआधीच, २०२३च्या डिसेंबरात तेवढीच. वॉसची पद्धत ऐकण्यासारखी आहे. तो पेन्सिलीनं बाह्यरेषा काढायचा आणि प्रत्येक कप्प्यात रंगाचं आद्याक्षर लिहायचा, हिरव्यासाठी ‘जी’, निळ्यासाठी ‘बी’. मग दुसरी माणसं कप्पे भरत बसायची. रंगाखाली दडलेली ही अक्षरं इन्फ्रारेड प्रकाशात दिसतात, आणि पुराव्यात तीच फार उपयोगी पडली.

मला चीड येते ती वेगळ्याच गोष्टीची. मॉरिसो जिवंत असतानाच सांगत होते की ही माझी चित्रं नाहीत. २०००च्या पुढच्या काही वर्षांत त्यांनी विक्रेत्यांना तशी पत्रं दिली, शपथेवर लिहून दिलं. बाजारानं काय केलं? ‘म्हाताऱ्याला पार्किन्सन झालाय, दारूत सगळं विसरलाय, सांभाळणारे लोक त्याच्याकडून वदवून घेतायत.’ पाठीवरच्या सहीवर विश्वास, पण सही ज्याची आहे म्हणता त्याच्या शब्दावर नाही! गोऱ्या नामवंत चित्रकाराच्या बाबतीत हे इतकी वर्षं चाललं असतं असं मला वाटत नाही.

आता न्यायालयाचं. बेअरनेकेड लेडीज या बँडमधले केव्हिन हर्न यांनी २००५ मध्ये टोरंटोतल्या एका गॅलरीतून २०,००० डॉलरला मॉरिसोचं म्हणून चित्र घेतलं. २०१० मध्ये ते ओंटॅरिओच्या कलादालनात लावायला दिलं, तर शंका आल्यामुळे उतरवलं गेलं. त्यांनी दावा लावला. २०१८ मध्ये न्यायाधीश म्हणाले, चित्र खरं की खोटं हे मला ठरवता येत नाही, सबब दावा फेटाळला. २०१९ मध्ये अपील न्यायालयानं तो निकाल फिरवला आणि हर्न यांना ६०,००० डॉलर मंजूर केले. कारण लक्षात ठेवण्यासारखं आहे : चित्र खोटं असल्याचं सिद्ध करायची गरजच पडली नाही. गॅलरीनं चित्र कोणाकोणाच्या हातून आलं याची लेखी हमी दिली होती आणि ती माहितीच खोटी निघाली, तेवढं पुरलं.

म्हणून भावानं सही बघत बसू नये. जमीन घेताना आपण विकणाऱ्याचं अक्षर बघतो की सातबारा आणि फेरफार? इथेही तेच. पहिलं कोणी, कुठून, कधी घेतलं; पावती, जुना फोटो, प्रदर्शनाची यादी यांतलं काय आहे; मधल्या मालकांपैकी कोणाशी बोलता येईल का. विकणाऱ्यानं स्वतःच लिहून दिलेलं प्रमाणपत्र म्हणजे स्वतःच्या मालाची स्वतःच केलेली तारीफ. सालावरही जाऊ नका. १९९६ नंतर रंगवलेल्या चित्रांवर १९७०च्या दशकातलं साल टाकणं, हाच तर धंदा होता.

वारलीच्या मानांकनाबद्दल : ते शैली कोणत्या भागातल्या लोकांची आहे एवढंच सांगतं. एखादं चित्र नामवंत वारली चित्रकार जिव्या सोमा म्हसे यांच्याच हातचं आहे की नाही, हे त्यातून कळत नाही. म्हसे यांच्या जुन्या कामाला आता चांगली किंमत येते, तेव्हा हा प्रश्न आपल्याकडेही येऊ शकतो.

इन्फ्रारेड तपासणीचं विचाराल तर ती शेवटी. पेन्सिलीची अक्षरं दिसली तर निकाल लागला, पण दिसली नाहीत म्हणून चित्र खरं ठरत नाही, कारण सगळ्याच टोळ्या अक्षरं लिहीत होत्या असं नाही. आधी कागद मागा. कागद पटले तरच तपासणीवर खर्च करा, आणि तोही विकणाऱ्यानं अर्धा उचलावा असं म्हणून बघा.