बाई, आठ मोठा ना? मग १/८ पण मोठा

तुझा प्रश्न असा, की बी.एड.च्या पेपरासाठी शिक्षणाच्या तत्त्वज्ञानातले आदर्शवाद, निसर्गवाद, वास्तववाद, कार्यवाद सगळे तोंडपाठ झालेत, पण कुर्ल्याच्या शाळेत सहावीच्या अठ्ठावन्न मुलांसमोर सराव पाठाला उभं राहिलं की यातलं नक्की काय वापरायचं ते उमगत नाही. वयाने बरीच मोठी आहे म्हणून अगं-तुगं करते, राग मानू नकोस.

नोट्समधला तो तक्ता, ध्येय, अभ्यासक्रम, पद्धती, शिस्त वगैरे, परीक्षेपुरता ठेव. पाठाचं निरीक्षण करायला मागच्या बाकावर बसते तेव्हा मी एवढंच बघते: मुलाने चुकीचं उत्तर दिल्यावर पुढच्या अर्ध्या मिनिटात बाई काय करतात. पाठाच्या टाचणात, म्हणजे आधी लिहून आणलेल्या आराखड्यात, काहीही लिहिलेलं असो, खरं तत्त्वज्ञान तिथे उघडं पडतं.

लालबागच्या एका शाळेत माझं पहिलं वर्ष होतं. फळ्यावर १/४ आणि १/८ लिहून मोठा कोणता विचारलं. एक मुलगा ताडकन उठला, "१/८. आठ मोठा ना बाई, चारपेक्षा!" मी नियम सांगितला, अंश सारखे असतील तर ज्याचा छेद मोठा तो अपूर्णांक लहान. परत सांगितला. मग दहा वेळा लिहून आणायला लावला. त्याने सुंदर अक्षरात लिहून आणला आणि घटक चाचणीत पुन्हा १/८ च मोठा ठरवला. याला फार तर वर्तनवाद म्हण, म्हणजे सरावाने सवय लावणं. खरं सांगायचं तर मला जसं शिकवलं गेलं तसंच मी शिकवत होते.

आता हेच चुकीचं उत्तर एकेका वादाच्या हाती देऊन बघ.

आदर्शवादापुढे गाइडांमध्ये 'व्याख्यान पद्धती' छापलेली असते, ते मला कधीच पटलं नाही. प्लेटोच्या 'मेनो' या संवादात सॉक्रेटिस एका गुलाम मुलाला विचारतो, चौरसाचं क्षेत्रफळ दुप्पट करायचं तर बाजू किती घ्यायची? मुलगा बिनधास्त सांगतो, दुप्पट. सॉक्रेटिस चूक म्हणतच नाही. आकृती काढून तेच उत्तर त्याच्याकडून तपासून घेतो. क्षेत्रफळ चौपट झालेलं दिसतं तेव्हा मुलगा गडबडतो, दुसरं उत्तर देतो, तेही फसतं आणि शेवटी कर्णापाशी पोचतो. यात व्याख्यान कुठे आहे? प्रश्नच प्रश्न आहेत. पण हेही बघ, की उत्तर सॉक्रेटिसला आधीपासून ठाऊक आहे आणि मुलगा बहुतेक वेळ 'हो', 'बरोबर' एवढंच म्हणतोय. आपले 'प्रश्नोत्तर पद्धती'चे निम्मे पाठ इथेच अडकतात.

निसर्गवादी रूसो म्हणेल, सांगूच नका, अनुभवाने कळेल. १७६२ च्या 'एमिल'मध्ये खिडकी फोडणाऱ्या मुलाला तो वारा खात बसू द्या म्हणतो. ठीक आहे. पण एमिलला एक आख्खा शिक्षक होता, तुझ्याकडे अठ्ठावन्न एमिल आहेत आणि पस्तीस मिनिटांचा तास. (शिवाय या गृहस्थाने स्वतःची मुलं अनाथालयात सोडली होती, हे मला दरवेळी आठवतंच.)

वास्तववाद मानणारा शिक्षक खरी वस्तूच समोर ठेवेल. कोमेनियसने १६५८ मध्ये मुलांसाठी चित्रांचं पाठ्यपुस्तक काढलं ते याच विचाराने. भाकरीचे चार तुकडे, आठ तुकडे, संपलं. हर्बार्टच्या नावावरची पंचपदी, म्हणजे पाठाच्या पाच पायऱ्या, तुला माहीत आहेच. तिच्या पायऱ्या त्याच्या शिष्यांनी वाढवल्या, हे पेपरात लिहिलंस तर परीक्षक खूश होईल. अस्तित्ववादावर पाच मार्कांची टीप येते, तेवढीच कर.

कार्यवाद, म्हणजे करून शिकणं, मांडणाऱ्या ड्यूईवर मात्र वेळ घाल. शिकागोत १८९६ मध्ये त्याने प्रयोगशाळा-शाळा काढली. मुलांसाठी बाकं घ्यायला तो दुकानोदुकानी फिरला तेव्हा एक दुकानदार म्हणाला, तुम्हाला मुलांनी काम करायची बाकं हवीत, आमच्याकडची सगळी ऐकायची आहेत. हे वाचलं तेव्हा मला आमचा वर्ग दिसला. मुंबईतल्या शाळेत नुसती बाकं ऐकायची असतात असं नाही, सकाळी लावलेली मांडणी बाराला आवरून दुपारच्या अधिवेशनाला खोली मोकळी करून द्यावी लागते. चार दिवस चालणारा प्रकल्प ठेवणार कुठे? कार्यवाद पटत नाही म्हणून शिक्षक तो टाळतात असं प्राध्यापक म्हणतात. माझ्या मते आधी कपाट द्या.

त्या मुलाची गोष्ट अर्धी राहिली. दसऱ्याच्या आदल्या दिवशी मी दादरच्या फूल बाजारात गेले, तर तो आईसोबत झेंडू विकायला बसलेला. मला बघून लाजला, मग म्हणाला, "बाई, पाव देऊ का अर्धा पाव?" मी विचारलं, "जास्त कुठला?" माझं डोकं फिरलंय की काय अशा नजरेने बघून म्हणाला, "पाव!" त्याला १/४ आणि १/८ पक्के माहीत होते. फळ्यावरचे आकडे म्हणजे हेच, हे त्याला कोणी सांगितलं नव्हतं. फळ्यापाशी तो पूर्ण संख्यांचा नियम वापरत होता, आणि पूर्ण संख्यांपुरता तो नियम खरा असतोच. चुकीमागे असा तर्क असतो हे मानसशास्त्रज्ञ पियाजेने मांडलं. २००५ च्या राष्ट्रीय अभ्यासक्रम आराखड्यानंतर आपण ज्याला ज्ञानरचनावाद म्हणतो, म्हणजे मूल स्वतःचं ज्ञान स्वतः रचतं हा विचार, त्याचं मूळ तिथे आहे.

आणि हे सगळं परदेशातूनच आलं असं समजू नकोस. ताराबाई मोडकांनी १९३६ मध्ये दादरला शिशुविहार ही बालशाळा काढली, पुढे बोर्डीला गेल्या आणि माँटेसोरीच्या महागड्या साधनांऐवजी शंख-शिंपले, बिया, खडे वापरले. मुलाच्या आसपास जे आहे त्यातूनच शिकवायचं.

मी वाण्याकडून तराजू मागून वर्गात नेला. बाजारात बसणारी मुलं सुसाट सुटली. ज्यांनी वजनं कधी हातात धरली नव्हती ती कोरीच राहिली, त्यांना भाकरीचे तुकडेच उपयोगी पडले. आणि ३/८ मोठा की १/३ विचारल्यावर सगळेच अडले, कारण ३३३ ग्रॅमचं वजन कुठल्या तराजूला नसतं. तिथे मी मुकाट्याने फळ्याकडे वळले, समान छेद करायला शिकवला आणि वीस गणितं सरावाला दिली. एकाच तासात तीन 'वाद' वापरून झाले.

तेव्हा तुझ्या पाठात आधी चुकीचं उत्तर येऊ दे. "असं का वाटलं?" विचार आणि दहा सेकंद गप्प राहा, मागे मार्गदर्शक बसलेले असले तरी. तराजू नेणार असलीस तर पूर्वतयारीत खालच्या मजल्यावरच्या बाईंनाही सांगून ठेव. वजनं लोखंडी असतात आणि मुलं ती पाडतातच.