‘साडेसात वाजले’ या वाक्यात टोमणा कुठे असतो?

“मॅडम, त्या वाईट काही बोलतच नाहीत. तेच तर अवघड आहे.”

समुपदेशनाच्या पहिल्याच भेटीत ती सासूबाईंबद्दल असं म्हणाली. वय ३६, नोकरी परळला, घर डोंबिवलीला. (ओळख पटू नये म्हणून तपशील बदलले आहेत.) संध्याकाळी ती दारात चपला काढत असताना सासूबाई घड्याळाकडे बघून म्हणायच्या, “साडेसात वाजले.” एवढंच. हिच्या छातीत काहीतरी रुतायचं. “गाडी लेट होती” असं तोडून बोलून ती आत जायची आणि मग रात्री उशिरापर्यंत घरात अबोला. नवऱ्याला सांगावं तर तो म्हणायचा, “अगं, आईने वेळ सांगितली फक्त. तू कशाला वाकड्यात शिरतेस?”

“समोरचं माणूस साधं बोलतं आणि मला टोचतं. मी जास्तच हळवी आहे का?” हा प्रश्न माझ्याकडे सुना घेऊन येतात, तसे जावईही येतात, नोकरीत नव्याने लागलेली मुलंही येतात. आधीच कोणीतरी त्यांना ‘तू फार मनाला लावून घेतोस’ असं सांगून गप्प केलेलं असतं. मला ते पटत नाही. टोचलं हे खरंच असतं. कशाने टोचलं, एवढंच शोधायचं राहिलेलं असतं.

मी तिला अकराव्या शतकातल्या काश्मीरच्या मम्मट या काव्यशास्त्रकाराचं एक उदाहरण सांगितलं. ‘काव्यप्रकाश’ या आपल्या ग्रंथात तो एकच वाक्य घेतो: गतोऽस्तमर्कः, सूर्य मावळला. राजा सेनापतीला म्हणाला तर शत्रूवर छापा घालायची वेळ झाली. मजुरांमध्ये कोणी म्हणालं तर काम थांबवा. गुराख्याला सांगितलं तर गुरं आत घ्या. बाहेर निघालेल्याला सांगितलं तर लांब जाऊ नकोस. दुकानदाराला सांगितलं तर माल आवरा. आणि त्याच यादीत वाट पाहणारी एक बाई आहे, तिच्यासाठी त्याच वाक्याचा अर्थ होतो, ‘अजूनही तो आला नाही.’ सूर्य एकच, शब्दही तेच. कोण, कोणाला, कोणत्या वेळी बोललं, यावर सगळं ठरतं. आपणही घरातून निघताना ‘येते’ म्हणतो, तेव्हा कोणी खुर्ची पुढे करत नाही.

ती म्हणाली, “म्हणजे नवरा म्हणतो ते बरोबर? नुसती वेळच सांगितली?”

नाही. शब्दांपुरतं त्याचं बरोबर होतं, पण माणसं शब्दांपुरतं बोलत नाहीत. पॉल ग्राइस या तत्त्वज्ञाने १९६७ मध्ये हार्वर्डला दिलेल्या व्याख्यानांत हेच उलगडून दाखवलं. न बोलता सुचवलेला अर्थ ऐकणाऱ्यापर्यंत पुरता पोचतो, आणि तरीही बोलणाऱ्याला तो मागे घेता येतो: ‘मी तसं म्हटलंच नव्हतं.’ सरळ शिवी दिली तर ती नाकारता येत नाही, टोमणा नाकारता येतो. म्हणून ज्याला तो लागतो त्याच्या हातात पुरावा उरत नाही. हे मी तिला दोनदा सांगितलं, कारण आपल्याला वेड तर लागलं नाही ना, अशी भीती तिला खरोखरच वाटू लागली होती.

मग पुरावाच गोळा करायचं ठरवलं. दोन आठवडे तिने एक वही ठेवायची. सासूबाईंचं वाक्य तर ठरलेलंच होतं, ते लिहायची गरज नव्हती. लिहायचं त्याच्या आजूबाजूचं: घरात आणखी कोण होतं, आधी काय बोलणं चाललं होतं, कोणाकडे बघून म्हणाल्या, स्वयंपाकघरात काय चालू होतं, आणि आपण काय उत्तर दिलं.

वहीत ११ नोंदी झाल्या. त्यांतल्या तीन वेळा नणंद घरी आलेली होती किंवा फोनवर होती. आवाज चढा, नजर हिच्याकडे नाही. ते टोमणेच होते आणि मी तसं स्पष्ट म्हणाले. उरलेल्या आठ नोंदी तिनेच मला वाचून दाखवल्या आणि मध्येच थांबली. आठही दिवस घरात दुसरं कोणी नव्हतं. आठही दिवस कुकर उतरलेला होता आणि ओट्यावर दोन ताटं घेतलेली होती.

पुढच्या भेटीला दोघी आल्या. सासूबाई ६८ वर्षांच्या, रत्नागिरीकडच्या, मधुमेहाच्या गोळ्या चालू. डॉक्टरांनी सातला जेवायला सांगितलेलं.

“मग जेवत का नाही, काकू?”

“ती बाहेरून दमून यायची, आणि मी आधीच ताट घेऊन बसू?”

“भूक लागली, असं तिला सांगता येत नाही?”

त्या बराच वेळ पदराचं टोक बोटाला गुंडाळत बसल्या. मग म्हणाल्या, “आमच्याकडे बाईने भूक लागली म्हणायची पद्धत नव्हती. मोठ्या जाऊबाई होत्या, त्यांना ऐकू जाईल असं म्हणायचं, ‘दिवे लागले.’ मग त्या पानं घ्यायला सांगायच्या.”

सून त्यांच्याकडे बघतच राहिली. नऊ वर्षं एका घरात राहून ही गोष्ट तिला ठाऊक नव्हती. कुठून असणार? तिच्या माहेरी भूक लागली की मुलं ओरडत स्वयंपाकघरात शिरायची. तिच्या कानाला घड्याळाचा एकच अर्थ माहीत होता: ऑफिसात उशिरा आलेल्याला साहेब दाखवतो तो.

त्या तीन नोंदींचा विषय मी सोडला नाही. संदर्भ कळला म्हणून सगळं माफ, असं मी मानत नाही. सासूबाईंनी नाकारलं नाही. “लेकीसमोर बोलले असेन,” एवढं म्हणाल्या आणि खाली बघितलं. त्यावर अजून काम चालू आहे. नणंद आली की हिचे खांदे आजही ताठ होतात.

बाकी बदल छोटे केले. हिने ‘गाडी लेट होती’ हे उत्तर बंद केलं, कारण ते न विचारलेल्या प्रश्नाचं उत्तर होतं. त्याऐवजी उशीर होणार असला की आधी कळवायचं, आणि घरी आल्यावर ते वाक्य ऐकलं की विचारायचं, “आई, वाढू का?” सासूबाईंना मी एक वाक्य सरळ म्हणायला सांगितलं: ‘मला भूक लागली.’ माझ्यासमोर त्यांना ते जमलं नाही. ‘पोटात कालवतंय’ इथपर्यंत आल्या.

महिन्याभराने रात्री हिचा फोन आला. आवाज घाबरलेला.

“मॅडम, आईंचा मेसेज आलाय. ‘मी जेवून घेते.’ एवढाच. यात टोमणा आहे का?”

“त्याआधी काय बोलणं झालं होतं?”

“मीच लिहिलं होतं, गाडी कळव्याला थांबलीय, नऊ वाजतील म्हणून.”

“बरं. आणि घरी कोण आहे?”

“कोणी नाही. एकट्याच आहेत.”

मी काही बोलले नाही. पलीकडून गाडीची घोषणा ऐकू येत होती.

“जेवल्या म्हणजे त्या,” ती हळूच म्हणाली.