हाल्ब आख्ट म्हणजे साडेसातच

प्रश्न : भाची नोकरीसाठी श्टुटगार्टला गेली आहे. खोली बघायला घरमालकिणीने तिला 'हाल्ब आख्ट'ला बोलावलं. आख्ट म्हणजे आठ, हाल्ब म्हणजे अर्धा, म्हणून ही साडेआठला पोचली, तर बाई वाट बघून निघून गेलेल्या. त्यांना म्हणे साडेसात म्हणायचं होतं. मग त्यात आठाचं नाव कशाला? (एक वाचक भगिनी, सोलापूर)

उत्तर : ताई, बाईंचं बरोबर होतं. आठवा तास लागला आणि अर्धा सरला, असा जर्मनांचा हिशेब. डच आणि स्वीडिश लोकही असंच बोलतात. घोळ होतो तो बहुतेक वेळा इंग्रजीमुळे. इंग्लंडमध्ये बोलताना 'हाफ सेव्हन' म्हणतात ते साडेसात, मधला 'पास्ट' गाळलेला असतो. जर्मन 'हाल्ब झीबन' मात्र साडेसहा. कानाला दोन्ही सारखंच लागतं आणि तासाचा फरक पडतो.

सोलापूरच्या माणसाला तर हे जास्तच उलटं वाटणार. आपल्याकडे मराठीत साडेसात, पूर्व भागात तेलुगूत 'एडुन्नर', कन्नडमध्ये 'एळूवरे', तिन्हीकडे सातात अर्धा मिळवायचा. आपलं 'साडे' मुळात संस्कृत 'सार्ध', म्हणजे अर्ध्यासकट.

तरीही हा जर्मन हिशेब मराठीला परका नाही, आणि मला यातलं सगळ्यात आवडतं ते हेच. आपण 'साडेदोन' म्हणत नाही, अडीच म्हणतो. अडीच आला 'अर्धतृतीय'वरून : दोन पूर्ण, तिसरा अर्धा. दीड 'द्व्यर्ध'वरून : दुसरा अर्धा. साडेतीनलाही असाच शब्द होता, औट, 'अर्धचतुर्थ'वरून आलेला. संतांच्या रचनांत देहाला 'औट हात' म्हटलेलं सापडतं, आणि जुन्या शाळांत दिडकी, अडीचकी झाली की औटकी पाठ करून घेत.

तुळजापूर आपल्याला जवळ, म्हणून तिथलंच उदाहरण घ्या. साडेतीन शक्तिपीठं कशी मोजतो? कोल्हापूर, तुळजापूर, माहूर ही तीन पूर्ण, आणि चौथं सप्तशृंगीचं, ते अर्धं. चौथं अर्धं म्हणून साडेतीन. जर्मन माणूस साडेतीन वाजता 'हाल्ब फिअर' म्हणतो तेव्हा नेमकं हेच म्हणत असतो, फिअर म्हणजे चार. (डॅनिश भाषेत तर पन्नास या आकड्याचं नावच मुळात 'अडीच विसा' असं आहे. विसांनी मोजणाऱ्या आपल्या आज्यांना ते लगेच कळलं असतं.)

भाचीला आणखी एक सांगून ठेवा. श्टुटगार्टकडे 'फिअर्टेल आख्ट' असंही ऐकू येईल. फिअर्टेल म्हणजे पाव. आठव्या तासाचा पाव भरला, म्हणजे सव्वासात. 'ड्रायफिअर्टेल आख्ट' म्हणजे पाऊण भरला, पावणेआठ. जर्मनीच्या बऱ्याच भागांत असं बोलत नाहीत, त्यामुळे पुस्तकात हे सापडेलच असं नाही. लेखी वेळेत मात्र घोळ नाही, रेल्वेच्या वेळापत्रकासारखं सरळ १९:३० लिहितात. कुणी तोंडी वेळ दिली की तिने तीच २४ तासांच्या हिशेबात परत विचारावी, 'नॉइनत्सेन उअर ड्रायसिश?' समोरचा लगेच हो-नाही सांगतो.

आणि खोली अजून गेली नसेल, तर बाईंना खरं कारण कळवायला सांगा. इंग्रजीच्या वाटेने जर्मन शिकणाऱ्यांचा हा नेहमीचा गोंधळ आहे, त्यांच्या कानावर आधीही आला असेल.