काका आधीच का हसतात?

पत्र:

ताई, सलाम. मी चर्चचा पाळक (पास्टर) आहे, मूळचा नगरकडचा. सव्वा वर्षापूर्वी बदली होऊन नागपूरच्या एका मराठी मंडळीत आलो. उपदेशात थोडा विनोद असावा, लोकांनी हसतखेळत वचन ऐकावं, असं मला वाटतं. तरुण मंडळी खूश आहेत. पण आमच्या कमिटीतले एक ज्येष्ठ गुरुजी, निवृत्त मुख्याध्यापक, गेल्या बैठकीत सगळ्यांसमोर म्हणाले, "हे पुलपिट आहे, हास्यकवी संमेलन नाही." तेव्हापासून मन खट्टू झालं आहे. गेले दोन रविवार मी मुद्दाम कोरडा उपदेश केला, तर लोक घड्याळं बघत बसले. बाकी कुणाची तक्रार नाही. मी बहुतेक गंमत आमच्या चर्चच्या सेवक काकांवरच करतो. उपदेश सुरू झाला की ते दाराजवळच्या खुर्चीत पेंगतात, चार कुलर भरून दमलो म्हणतात. त्यांचं वऱ्हाडी बोलणं मी करून दाखवलं की सगळे हसतात. काकांना तर इतकं आवडतं की माझं वाक्य पूर्ण व्हायच्या आधीच ते हसायला लागतात. तर विनोद सोडून द्यावा का? आणि गुरुजींना काय उत्तर देऊ?

– एक पाळक, नागपूर

उत्तर:

पाळकसाहेब, सलाम.

गुरुजींना काहीच उत्तर देऊ नका. त्यांचं काम झालं. आता काकांकडे येऊ, ज्यांना तुम्ही पत्राच्या शेवटी, जाता जाता, गंमत म्हणून आणलंत.

वाक्य पूर्ण व्हायच्या आधी हसणारा माणूस विनोदाला हसत नसतो. विनोद शेवटात असतो, आणि शेवट अजून आलेलाच नसतो. मग काका का हसतात? कारण आता सगळ्या बाकांवरच्या माना दाराकडे वळणार हे त्यांना ठाऊक आहे. माना वळतील तेव्हा आपला चेहरा हसरा असलेला बरा, एवढा हिशोब त्यांना येतो. आणि आपण लवकर हसलो की पाळकसाहेब लवकर आटोपतील, हाही. त्यांचा पगार कमिटी ठरवते आणि त्या कमिटीच्या बैठकीला तुम्ही बसता. त्या जागी बसून तुम्ही केलेल्या नकलेवर न हसण्याची सोय त्यांना नाही. गुरुजी भर बैठकीत फटकन बोलू शकले, कारण त्यांना पेन्शन आहे.

"बाकी कुणाची तक्रार नाही" असं तुम्ही लिहिलंत. ज्याने करायला हवी, तो करू शकत नाही एवढंच त्यावरून कळतं.

पेंगण्याचा हिशोबही करून टाकू. हॉलमध्ये ठेवतात त्या मोठ्या कुलरची टाकी शंभर लिटरच्या आसपास असते. पंधरा लिटरची बादली धरली तर एका टाकीला सात बादल्या, चार कुलरना अठ्ठावीस. म्हणजे चारशे लिटर पाणी, चारशे किलो वजन, नळापासून खिडकीपर्यंत उचलून न्यायचं आणि खांद्याच्या उंचीला ओतायचं. वुडवूलच्या ताट्या आधी भिजवून घ्याव्या लागतात, नाहीतर सुरुवातीला कुलर गरम वाराच फेकतो. उन्हाळ्यातली उपासना सकाळी लवकर, म्हणजे हे सगळं त्याच्याही आधी. वर झाडलोट, बाक पुसणं, घंटा. इतकं करून माणूस गार वाऱ्यात खुर्चीवर टेकला तर त्याला झोप लागणारच. हॉलमधला एकमेव गार कोपरा ज्याने तयार केला, त्याच्या डोळा लागण्यावर तुमचा आठवड्याचा विनोद उभा आहे!

रागावते आहे, कारण तुमच्याकडे देणगी आहे आणि ती तुम्ही चुकीच्या दिशेला फेकता आहात. विनोद सोडायचा नाही. दोन रविवार रुसून कोरडा उपदेश केलात, म्हणजे भाजीत मीठ जास्त झालं असं कुणी म्हटल्यावर दोन दिवस अळणी वाढण्यातला प्रकार झाला. शिक्षा पंगतीला.

तुमच्या हातातल्या पुस्तकात विनोद भरपूर आहे, पण तो कुणावर आहे ते बघा. बलामाच्या गोष्टीत देवदूत गाढवीला दिसतो, संदेष्ट्याला दिसत नाही. येशू मुरकूट गाळून उंट गिळणाऱ्यांची टर उडवतो, ते शास्त्री आणि परूशी, मानाच्या जागेवर बसणारे. डोळ्यातलं कुसळ आणि मुसळ घ्या. मराठी भाषांतरात तर त्याला यमक मिळालं आहे, तरी आपले बहुतेक पाळक ते वाक्य अंत्यविधीच्या सुरात वाचतात. डोळ्यात मुसळ घेऊन दुसऱ्याच्या डोळ्यातलं कुसळ काढायला निघालेला माणूस एकदा डोळ्यासमोर आणा. तो चालेल कसा, दारातून आत येईल कसा? आणि प्रेषितांच्या कृत्यांच्या १२व्या अध्यायातली रुदा. पेत्र तुरुंगातून सुटावा म्हणून घरात सगळे प्रार्थना करत आहेत, पेत्र सुटून दारात उभा आहे, दार ठोठावतो आहे, आणि आनंदाच्या भरात दार न उघडताच आत धावत आलेल्या दासीला घरातले म्हणतात, तू वेडी आहेस. तिथे बरोबर कोण आहे? घरात सगळ्यात खालच्या पायरीवर असलेली पोरगी.

नागपूरकरांनाही हे कुणी शिकवावं लागत नाही. पोळ्याच्या दुसऱ्या दिवशी मारबतीच्या पुतळ्याची मिरवणूक निघते, तिच्यासोबत बडगे, म्हणजे टर उडवणारे पुतळे, निघतात. बडगा कुणाचा करतात? महागाईचा, भ्रष्टाचाराचा, पुढाऱ्यांचा. पाणी भरणाऱ्या म्हाताऱ्याचा बडगा महाल-इतवारीत कुणी काढलेला ऐकिवात आहे का? तुम्ही ज्या गावात विनोद करता आहात त्या गावाला टोपी कुणाची उडवायची याची चांगली समज आहे. म्हणून सांगते, लोक हसतात तेव्हा त्यातले काही जण नुसते तुमचा मान ठेवत असतील.

तेव्हा एकच गोष्ट करा. येत्या रविवारी प्रेषितांची कृत्ये २०, ओवी ७ ते १२ घ्या, आणि पेंगणाऱ्याऐवजी बोलणाऱ्यावर हसवा.

त्रोवस गावातली माडी. भाकर मोडायला सगळे जमलेत, प्रेषित पौल दुसऱ्या दिवशी निघणार म्हणून मध्यरात्रीपर्यंत बोलतोय. हे पुस्तक लिहिणारा लूक मुद्दाम सांगतो की खोलीत पुष्कळ दिवे होते. तेलाचे दिवे, भरलेली खोली, म्हणजे उष्णता आणि कोंदटपणा. युतुख नावाचा मुलगा खिडकीत बसला होता तो बहुधा हवेसाठीच. त्याला झोप लागते आणि तो तिसऱ्या मजल्यावरून खाली पडतो. इतकी वर्षं उपदेशक ही गोष्ट "चर्चमध्ये झोपू नका" म्हणून सांगत आले. लूक मात्र त्या मुलाला एका शब्दाने बोल लावत नाही. "पौल फार वेळ बोलत राहिला" हे तो नोंदवून ठेवतो. आणि पौल काय करतो? भाषण थांबवून खाली उतरतो, मुलाला कवटाळतो, लोकांना म्हणतो घाबरू नका, हा जिवंत आहे. पेंगणाऱ्याची नक्कल करत नाही. मग पुन्हा वर जातो, भाकर मोडतो, आणि परत बोलायला लागतो, उजाडेपर्यंत. ही बायबलमधली सगळ्यात प्रेमळ थट्टा आहे आणि ती पौलाची आहे.

आता सांगायची पद्धत, कारण एवढा चांगला माल लोक सांगण्यात घालवतात.

मराठीत क्रियापद शेवटी येतं आणि विनोद तिथेच मरतो. "पौल वर जाऊन उजाडेपर्यंत बोलत राहिला, असं लूक आपल्याला या ठिकाणी सांगतो" या वाक्यात हसायची जागा "उजाडेपर्यंत" आहे आणि तिच्यावर तुम्ही आठ शब्दांची गोणी टाकली. सांगणाऱ्याचं नाव आधी उरका, मोठं वाक्य तोडा, आणि ज्या शब्दावर हसू यायचं तो सगळ्यात शेवटी ठेवा. असं: "मुलगा वाचला. पौल जिना चढून वर गेला. भाकर मोडली. आणि पुन्हा बोलायला लागला. उजाडेपर्यंत." इथे थांबा. दोन सेकंद. मग लोकांच्या नव्हे, स्वतःच्या मनगटावरच्या घड्याळाकडे बघा. एवढं पुरतं.

थांबल्यावर बोलू नका. हसू चढतं, टिकतं, उतरतं. अर्धं उतरलं की पुढचं वाक्य घ्या. पूर्ण उतरेपर्यंत थांबलात तर तुम्ही दाद मागत उभे आहात असं दिसतं. वाक्याच्या शेवटी आवाज पाडायची सवय बहुतेकांना असते, आणि चार कुलरच्या घरघरीत पडलेला आवाज तिसऱ्या बाकापलीकडे जात नाही. शेवटचा शब्द चढाच ठेवा, माइक हनुवटीपासून चार बोटांवर. "आता एक गंमत सांगतो" अशी दवंडी पिटू नका. तुम्ही आधी हसू नका. ते काम सध्या काका करत आहेत, आणि तेही बंद व्हायला हवं. फोनवर आलेले विनोद फोनमध्येच ठेवा. तो विनोद पडला तर हातात काही उरत नाही. वचनातला विनोद पडला तरी वचन उरतं, तुम्ही सरळ पुढे जाता, कुणाला कळतही नाही.

हसले नाहीत म्हणून घाबरायचंही नाही. उत्तर भारतीय मंडळी (चर्च ऑफ नॉर्थ इंडिया) २९ नोव्हेंबर १९७० ला नागपुरातच स्थापन झाली, तेव्हा सहा निरनिराळ्या परंपरांच्या मंडळ्या एक झाल्या. तुमची मंडळी कुठली ते तुम्ही लिहिलं नाहीत, पण या शहरात एकाच बाकावर मोठ्याने हालेलुया म्हणणारं घर आणि आशीर्वचनापर्यंत पापणी न हलवणारं घर शेजारी शेजारी बसलेलं सापडतं. दुसऱ्या घरातले लोक सोमवारी आठवून हसतात.

वीस मिनिटांच्या उपदेशात अशी जागा एक, फार तर दोन. पहिली सहाव्या-सातव्या मिनिटाला, लोकांचं लक्ष सुटू लागतं तिथे. पापकबुलीनंतर लगेच नको, प्रभुभोजनाच्या तोंडावर नको. आणि शनिवारी रात्री एकदा विचारून घ्या, आठवड्यात मंडळीत कुणाकडे मौत झाली आहे का. झाली असेल तर घड्याळाचा प्रकार पुढच्या रविवारवर ढकला.

वऱ्हाडीचं काय करायचं? ठेवायची. पण आतापर्यंत ती तुम्ही बावळटाच्या तोंडी घातलीत, आता शहाण्याच्या तोंडी घाला. नगरकडचा माणूस पुलपिटावरून वऱ्हाडीची नक्कल करतो तेव्हा निम्म्या बाकांवर स्वतःच्या आजीची नक्कल ऐकू येते. मिशनरी हिस्लॉपसाहेब १८४५ मध्ये स्कॉटलंडहून नागपुरात आले आणि त्यांनी गोंडांची गाणी त्यांच्याकडून ऐकून लिहून घेतली. तसं बसून ऐका. रुदा वऱ्हाडीत बोलू दे: "अवं, पेत्र बाहेर उभा हाये नं!" आणि आतले प्रार्थनावीर: "येडी झाली का वं तू? आमी प्रार्थना करून राह्यलो ना, मधात बोलू नको!" हे शेवटचं लूकच्या नावावर खपवू नका, ते माझं आहे. पण उच्चार काकांना विचारून पक्के करा. त्यांच्याइतका जाणकार तुम्हाला आवारात दुसरा मिळायचा नाही, आणि या वेळी ते हसले तर वाक्य संपल्यावर हसतील.

त्यांची माफी पुलपिटावरून मागायची नाही. पुन्हा माना दाराकडे वळतील, पुन्हा त्यांना चेहरा सांभाळावा लागेल, आणि तुम्ही मात्र नम्र म्हणून वाहवा घेऊन जाल. रविवारी सकाळी, उपासनेच्या आधी, ते पाणी भरायला लागले की जा, एकटे. "काका, माझं चुकलं, तुमच्यावर आता गंमत करणार नाही" एवढं म्हणा. ते "तसं काई नाई जी" म्हणतील. त्यावर विश्वास ठेवू नका, पण वादही घालू नका. खिशात हात घालून नोट काढू नका. दुसरी बादली उचला.

मी अठ्ठावीस धरल्या आहेत. चारही टाक्या भरून झाल्या की खरा आकडा कळवा.