अर्ध्या तासात तव्यावरचा मासा आणि सोबत एखादा साधा सॉस कसा करावा?

तुम्ही लिहिलंय की कामावरून घरी यायला आठ वाजतात, मिक्सर नाही, कालवणाचा घाट घालायला वेळ नाही आणि नुसता तळलेला मासा भाताबरोबर कोरडा लागतो. मग सुरमई तव्यावर परता आणि त्याच तव्यात कोकमाचं आगळ (म्हणजे कोकमाचा मीठ घातलेला आंबट, दाट रस) आणि नारळाच्या दुधाचा सॉस करा. मी एरवीही, घाई नसताना, हेच करते. फक्त एक सवय बाजूला ठेवावी लागेल. मसाला माशाला चोळायचा नाही.

लाल मसाला लावून रव्यात घोळवलेल्या सुरमईला तोड नाही, हे मलाही मान्य आहे. पण तो मसाला सुटून तव्यात करपतो आणि त्यातच सॉस केला की सगळा कडू होतो. म्हणून इथे माशाला फक्त हळद-मीठ, तिखट सगळं सॉसमध्ये.

दोघांसाठी चार तुकड्या पुरतात. कापून देणाऱ्या मावशींना अर्ध्या इंचाहून पातळ नको म्हणून सांगा, पातळ तुकडी आतून सुकते. घरी आल्याबरोबर मासे धुवा, हळद-मीठ लावा, मग कुकर चढवा. दहा मिनिटांत मिठामुळे पाणी सुटलेलं दिसेल. ते स्वच्छ कपड्याने किंवा टिश्यूने नीट टिपून घ्या. मासा तव्याला चिकटतो तो बहुतेक वेळा या ओलाव्यामुळे किंवा तवा पुरता न तापल्यामुळे. टिपल्यावर तांदळाच्या पिठात हलकंच घोळवा आणि जास्तीचं पीठ झटका, नाहीतर तेच पीठ तेलात जळत बसतं.

तवा खोलगट नॉनस्टिक किंवा स्टीलचा घ्या. बिडाच्या तव्यावर मासा सुंदर होतो, पण आगळ आंबट असल्यामुळे त्यात सॉस केला तर काळपट होतो, लोखंडाची चव उतरते. बिडाचाच असेल तर सॉस वेगळ्या पातेल्यात करा.

तीन चमचे तेल चांगलं तापू द्या, तुकड्या सोडा आणि आच मध्यम करा. आता तीन-चार मिनिटं उलथनं लावूच नका. कडेने सोनेरी झालं आणि तवा हलवल्यावर तुकडी आपणहून सरकली की उलटायची. सरकत नसेल तर अजून एक मिनिट थांबा, ओढलीत तर कुरकुरीत थर तव्याला राहील. दुसरी बाजू दोन-तीन मिनिटांत होते. मधल्या काट्याजवळचं मांस पांढरं होऊन सहज सुटलं की काढा.

तव्यात चमचाभर तेल ठेवून आच अगदी बारीक करा. सहा-सात लसूण पाकळ्या ठेचून आणि दोन हिरव्या मिरच्या उभ्या चिरून टाका. लसणाला रंग आला की अर्धा चमचा मालवणी मसाला, आणि लगेच दोन चमचे पाणी, नाहीतर मसाला इथेही करपेल. तव्याला लागलेला खरपूस भाग खरवडून त्यात मिसळा, सॉसची अर्धी चव तिथेच आहे. मग 200 मिलीचं नारळाच्या दुधाचं खोकं ओता आणि नुसतं वाफाळू द्या. उकळी येऊ दिली तर दूध फाटण्याची भीती असते. गॅस बंद करून एक मोठा चमचा आगळ ढवळा, चाखा आणि मगच लागलं तर मीठ घाला, कारण आगळात मीठ असतंच. वर कोथिंबीर.

आगळ आणि कोकम सरबत यांत गफलत करू नका. सरबताच्या बाटलीत साखर असते, सॉस गोड होऊन जाईल. आगळ नसेल तर पाच-सहा आमसुलं आल्याआल्याच पाव वाटी कोमट पाण्यात टाका आणि शेवटी कुस्करून ते पाणी वापरा.

वाढताना सॉस खाली आणि मासा वर, म्हणजे कुरकुरीतपणा टिकतो. रावस किंवा हलवाही असाच करता येतो. बांगडा अख्खा करणार असाल तर दोन्ही बाजूंना तिरप्या चिरा द्या, एक-दोन मिनिटं जास्त ठेवा आणि सॉसमध्ये दोन-तीन तिरफळं ठेचून टाका. तिरफळाच्या बिया मात्र काढून टाका, त्या कडू लागतात.