मौन, मूक आणि अमरसिंहाची चूक

कोथरूडहून एका वाचकाने विचारलंय: शोकसभेच्या फलकावर ‘दोन मिनिटे मौन’ लिहावं की ‘स्तब्धता’? आणि ‘मौन’ व ‘मूक’ एकाच धातूतले का?

‘स्तब्धता’ लिहा. उभं राहायचं, हलायचं-बोलायचं नाही, एवढंच तर अपेक्षित असतं. दुसऱ्याचं उत्तर: नाही. ‘मूक’ म्हणजे ज्याला वाचा नाही तो. ‘मौन’ या शब्दात मुळात तोंडाचा संबंधच नाही. शुचीचं ‘शौच’ होतं तसं मुनीचं ‘मौन’, आणि मुनी ‘मन्’ धातूतला, मनन करणारा. मधल्या ‘अ’चा ‘उ’ कसा झाला म्हणून काही आधुनिक व्युत्पत्तिकार नाक मुरडतात. उणादिकारांनी, म्हणजे धातूंपासून शब्द साधणारी जुनी संस्कृत सूत्रं रचणाऱ्यांनी, त्यासाठी ‘मनेरुच्च’ असं सूत्रच करून ठेवलंय, ते उघडून बघायची तसदी घ्यावी की!

हल्ली सिंहगडाच्या पायथ्याशी ‘मौन शिबिरं’ भरतात. गळ्यात ‘मी मौनात आहे’ अशी पाटी अडकवलेले एक गृहस्थ मोबाइलवर ‘साखर कमी’ असं टाइप करून चहावाल्याला दाखवत होते. त्याला फार तर अबोला म्हणावं.

खरी गंमत छांदोग्य उपनिषदात आहे (८.५.२). ज्याला मौन म्हणतात ते ब्रह्मचर्यच, कारण त्याच्या योगे ‘आत्मानमनुविद्य मनुते’: आत्म्याचा शोध लागल्यावर माणूस मनन करतो. म्हणजे मौनाची व्युत्पत्ती उपनिषदानेच ‘मनुते’ या क्रियापदातून लावून दिली, तीही आत्मशोधाला जोडून. गीतेतही वाणीचं तप १७.१५ मध्ये आटोपतं. मौन येतं पुढच्या श्लोकात, मनाच्या तपात. शंकराचार्य तिथे म्हणतात, वाक्संयमाआधी मनःसंयम लागतो, म्हणून कार्याच्या (वाक्संयमाच्या) नावाने कारण (मनःसंयम) सांगितलंय. आचार्यांपुढे बोलू नये, पण एवढा वळसा कशाला? गीतेचे जुने टीकाकार श्रीधरस्वामी एका फटक्यात ‘मुनेर्भावः, मननम्’ (मुनीपण, म्हणजेच मनन) म्हणून मोकळे होतात.

रमण महर्षींचंही बघा. तिरुवण्णामलैला ते बोलत नव्हते त्या काळात, 1902 च्या सुमारास, शिवप्रकाशम् पिळ्ळै यांनी ‘मी कोण?’ हे विचारलं आणि उत्तरं लिहून मिळाली. तोंड बंद, विचारणा चालू.

मौन म्हणजे नुसतं न बोलणं, या गोंधळाचं खापर मी ‘अमरकोश’ हा संस्कृत शब्दकोश रचणाऱ्या अमरसिंहावर फोडतो. ‘मौनमभाषणम्’ (मौन म्हणजे न बोलणं) असं त्याने कोशात ठोकून दिलं आणि पिढ्यान्‌पिढ्या पोरांनी ते घोकलं. आता हाच अर्थ बृहदारण्यक उपनिषदात लावून पाहा. तिथे याज्ञवल्क्य कहोलाला सांगतात, ‘अमौनं च मौनं च निर्विद्याथ ब्राह्मणः’. अमौन म्हणजे तिथे आधी सांगितलेलं पांडित्य आणि बाल्य. ते आणि मौन दोन्ही पुरतं साधलं की माणूस ब्रह्मवेत्ता होतो. अमरसिंहाच्या हिशेबाने मात्र अमौन म्हणजे बडबड. तसं असतं तर आमच्या पेठेतल्या कट्ट्यावरचे सगळे निम्मी वाट कधीच चालून गेले असते.