मी डिझाइन शिकतेय की नुसता कचरा वाढवतेय?

डिझाइन शिकणाऱ्या मुलामुलींकडून हल्ली एक प्रश्न सारखा येतो, शब्द वेगवेगळे असतात पण रोख तोच, की मॅडम आम्ही जे शिकतोय त्यानेच पृथ्वीची वाट लागतेय मग हे शिकायचं तरी कशाला. आणि त्याच मुलांचे आईबाबा फोन करतात ते वेगळीच काळजी घेऊन, चांगली शिकत होती हो, आता म्हणते सोडून देते, हे काय खूळ डोक्यात शिरलंय की डिप्रेशन आहे? दोघांनाही उत्तर म्हणून एका मुलीबद्दल लिहितेय. तिला विचारून लिहितेय आणि ओळख पटेल असं सगळं बदललंय.

प्रॉडक्ट डिझाइनचं तिसरं वर्ष. सबमिशन थांबली होती म्हणून सरांनी समुपदेशनासाठी माझ्याकडे पाठवली. झोप, जेवण, मित्रमैत्रिणी, जगणं नकोसं वाटतं का, हे मी आधी सरळ विचारून घेतलं, ते विचारल्याशिवाय मी पुढे जातच नाही. तसं धोक्याचं काही नव्हतं. टेबलाशी बसली की मात्र हात चालायचा नाही. प्रोजेक्ट टेबल लॅम्पचा होता, स्केचबुक सोबत आणलं होतं, त्यात पानंच्या पानं लॅम्प, छान काढलेले, आणि प्रत्येकावर काट मारून बाजूला पेन्सिलने एकच वाक्य, "हा नसला तरी चालेल."

ती इथपर्यंत कशी आली ते मी तिलाच सांगायला लावलं. पहिल्या वर्षी सस्टेनेबिलिटी, म्हणजे पर्यावरणाचा विचार, ही फक्त प्रेझेंटेशनची शेवटची स्लाइड, बांबू वापरला, हिरवं पान काढलं, झालं. तेव्हा तिला काही बोचत नव्हतं. दुसऱ्या वर्षी लाइफ सायकल शिकवली, म्हणजे कच्चा माल कुठून निघतो, वस्तू बनते कशी, येते कुठून, वापरताना किती वीज खाते आणि शेवटी तिचं काय होतं, आणि तिथून सगळं फिरलं. तिचं आवडतं थ्रीडी प्रिंटिंगचं मटेरियल म्हणजे पीएलए नावाचं प्लास्टिक, मक्यासारख्या पिकांपासून बनतं म्हणून ती ते निर्धास्त वापरायची, मग कळलं की ते नीट कुजायला औद्योगिक कंपोस्टिंगची साधारण साठ अंशांची उष्णता लागते, नुसतं मातीत टाकलं तर वर्षानुवर्षं तसंच पडून राहू शकतं. मग कापडी पिशवीचा तो आकडा वाचला. डेन्मार्कच्या पर्यावरण खात्याने 2018 साली एक अभ्यास प्रसिद्ध केला, त्यात होतं की पर्यावरणावरच्या परिणामात दुकानातल्या प्लास्टिक पिशवीची बरोबरी करायला साधी सुती पिशवी 7,100 वेळा वापरावी लागेल. "म्हणजे चांगलं म्हणून केलं तेही वाईटच," ती म्हणाली.

इथे मी तिला थांबवलं, कारण तो अभ्यास मलाही माहीत होता. 7,100 हा आकडा सगळे पर्यावरणीय निकष धरून, त्यातल्या सगळ्यात वाईट निकषावर निघालेला आहे. नुसता हवामान बदलाचा निकष घेतला तर त्याच अभ्यासात त्याच पिशवीसाठी आकडा 52 आहे. दोन्ही तिने वाचले होते! लक्षात एकच राहिला. चिंतेने घेरलेलं मन असंच करतं, समोरच्या आकड्यांतला सगळ्यात मोठा उचलतं आणि त्यालाच खरं धरून बसतं, हे मी परीक्षेच्या टेन्शनमध्येही बघते आणि आजारपणाच्या भीतीतही.

त्यानंतर तिचा कडक काळ सुरू झाला. वर्गात कोणी थर्माकोलचं मॉडेल केलं की ही बोलायचीच, घरी बाबांनी नवीन फोन घेतला तर आठवडाभर धुसफूस, एका मैत्रिणीने ग्रुपमध्ये हिला नको म्हणून सांगितलं. आणि दुसऱ्यांवर रोखलेलं बोट हळूहळू स्वतःकडे वळलं, ते असं वळतंच.

मी तिला "एवढा विचार करू नकोस" असं अजिबात म्हटलं नाही. काळजी खोटी नाहीये तिची. उलट 2021 चा एक मोठा सर्व्हे तिला दाखवला, भारत धरून दहा देशांतल्या 16 ते 25 वयाच्या दहा हजार मुलामुलींना हवामान बदलाबद्दल काय वाटतं ते विचारलं होतं, त्यात 59 टक्के खूप किंवा अतिशय काळजीत होते आणि 45 टक्क्यांहून जास्त जण म्हणाले की याचा रोजच्या जगण्यावर वाईट परिणाम होतोय. ती कितीतरी वेळ ते पान बघत राहिली आणि म्हणाली, "आमच्या वर्गात तर कोणी बोलतच नाही." बोलत नाहीत म्हणून प्रत्येकाला वाटतं आपणच एकटे वेडे.

मग आम्ही काळजी आणि अपराधीपणा वेगळे करायला बसलो, आणि खरं काम हेच होतं. एका कागदावर तीन रकाने केले, माझ्या हातात आहे, माझ्या हातात नाही, आणि मधला, जिथे मी विचारू शकते, गळ घालू शकते, भांडू शकते. वीज कोळशावर बनते, कचरा वेगळा उचलला जात नाही, कंपनी दरवर्षी नवं मॉडेल काढते, हे सगळं तिने आधी पहिल्या रकान्यात लिहिलं होतं. म्हणजे विसाव्या वर्षी वीजनिर्मितीची जबाबदारी हिच्या डोक्यावर! एकेक ओळ खोडून योग्य रकान्यात नेताना ती वाद घालत होती, मला ते आवडलं, वाद घालणारं माणूस गळाठलेलं नसतं.

होमवर्क म्हणून नवीन काही काढायला सांगितलं नाही. म्हटलं, घरात बंद पडलेली एखादी वस्तू असेल ती उघड.

पुढच्या वेळी ती पिशवी घेऊन आली आणि माझ्या टेबलावर एका एलईडी लॅम्पचे तुकडे मांडले. स्क्रू खालच्या रबरी पायांच्या आत लपवलेले. वरचं झाकण गोंदाने चिकटवलेलं, ते उघडताना फुटलंच. एलईडी थेट पट्टीवर सोल्डर केलेले, म्हणजे सहज बदलता न येणारे. आणि बिघडलं काय होतं, तर ड्रायव्हरमधला, म्हणजे एलईडीला हवी तशी वीज पुरवणाऱ्या सर्किटमधला, कपॅसिटर नावाचा एक छोटासा पार्ट, डोकं फुगलेला, बोटाच्या पेरापेक्षा लहान. बाकी लॅम्प ठणठणीत. तिने ते झाकण हातात धरलं आणि म्हणाली, "मॅडम, इथे गोंद लावायचा हे कोणीतरी बसून ठरवलंय ना?"

त्या एका प्रश्नाने जे झालं ते माझ्या दहा वाक्यांनी झालं नसतं. कोणीतरी ठरवलंय म्हणजे दुसरं कोणी वेगळं ठरवू शकतं, आणि ते ठरवणारं टेबल म्हणजे तिचंच टेबल. आतापर्यंत तिचा प्रश्न होता की हे मटेरियल पवित्र आहे का, आता प्रश्न झाले की हे उघडतं का, कशाने, किती वेळात, कोणता पार्ट आधी जातो, तो मिळतो का. मग ती स्वतःच शोधत सुटली. फ्रान्समध्ये जानेवारी 2021 पासून फोन, लॅपटॉप, टीव्ही अशा काही वस्तूंवर दुरुस्ती किती सोपी आहे त्याचे दहापैकी गुण छापायची सक्ती आली आणि त्यात सुटे भाग मिळतात का, वस्तू उघडायला किती सोपी हे बघितलं जातं, हे तिने मला सांगितलं, मी तिला नाही.

मारिया ओजाला नावाच्या स्वीडिश संशोधक आहेत, हवामानाच्या काळजीला मुलं कशी तोंड देतात यावर त्यांचं काम आहे. मुलांवर केलेल्या त्यांच्या अभ्यासात दिसलं की जी मुलं फक्त "मी काय करू, अजून काय करू" यातच असतात त्यांना त्रास जास्त होतो, आणि "आणखीही लोक यावर काम करतायत, गोष्टी बदलू शकतात" हा भरवसा जोडीला असला तर तो त्रास कमी जाणवतो. म्हणून मी अशा मुलांना नुसतं कामाला लावत नाही. हिलाही म्हटलं, असाच विचार करणारी दोन माणसं शोध. तिला एक सीनियर मिळाली आणि एक दुरुस्तीवाले काका, त्यांच्याकडे ती अजून जाते.

सगळं सरळ वर गेलं असं मात्र झालं नाही. इंटर्नशिपमध्ये तिने गोंदाऐवजी स्क्रूचं डिझाइन मांडलं, कंपनीने खर्च वाढतो म्हणून गोंदच ठेवला, फक्त झाकणात एकत्र केलेली दोन वेगवेगळी प्लास्टिक होती ती एकच केली, तेवढं ऐकलं. ती रडतच आली, "काहीच झालं नाही." परत तोच सगळं-किंवा-शून्य. मी तिला विचारलं, दोन प्लास्टिक एकमेकांना चिकटवलेली असली तर रिसायकल करणाऱ्याचं काय होतं? ती वेगळी करणं अवघड म्हणून रिसायकलिंगच अडतं, हे तिनेच मला पाच मिनिटं समजावलं, आणि समजावता समजावता आवाज बदलत गेला. दुःख राहिलंच थोडं, राहू दे, हरल्याचं दुःख होणारच.

आता पालकांसाठी. "तू एकटी काय करणार" हे वाक्य कृपा करून बोलू नका, आणि "तूच जग वाचवणार" हेही नको, दोन्हींनी तो पहिला रकाना भरत जातो. "आज काय उघडून बघितलंस?" असं विचारा, आणि ते ती सांगेल तेव्हा खरंच ऐका. मूल घरातल्यांना बोलतंय, नव्या फोनच्या खरेदीवरून भांडतंय, तर ते सहसा टप्पा असतो, त्यात त्याचा अपमान करू नका. पण दोन आठवडे सलग झोप किंवा जेवण बिघडलंय, आवडीच्या कुठल्याच गोष्टीत मन लागत नाहीये, तर पर्यावरणाचा वाद बाजूला ठेवून सरळ मानसोपचारतज्ज्ञांकडे घेऊन जा. आणि "मी नसलेलीच बरी" असं कानावर आलं तर दोन आठवडेही थांबू नका, त्याच दिवशी जा. "हा नसला तरी चालेल" हे वाक्य लॅम्पबद्दल आहे की स्वतःबद्दल, हे मी त्या मुलीलाही पहिल्याच भेटीत स्पष्ट विचारलं होतं. तुम्हीही विचारा, विचारल्याने मुलांच्या डोक्यात नसलेलं काही शिरत नाही.